दिवसाला दोन वलयं

शिबिराच्या सातव्या सकाळी शर्वरी ताकवलेला जाग आली तेव्हा उशाजवळच्या भिंतीवरचा तिचा लोणा आणखी वाढला होता. शाळेच्या काळ्या दगडावर पापडाच्या लाटीएवढा पांढरा, पिठूळ डाग दिसत होता आणि त्याच्या कडेला कालच्यापेक्षा एक बारीक वलय जास्त होतं. पडल्या पडल्याच तिने डागावर पट्टी धरली, वलयं मोजली आणि वहीत आकडा लिहिला. सात रात्री, सात वलयं.

"माझा बघ, तुझ्या दीडपट आहे," शेजारच्या सतरंजीवरून नसरीन मुजावर म्हणाली. "मी घोरते हे आता घरच्यांना दगडातून कळणार."

दोघी विद्यापीठात भूशास्त्र शिकत होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीतलं तीन आठवड्यांचं क्षेत्रशिबिर त्यांना सक्तीचं होतं. अकरा विद्यार्थी आणि कुरणे सर सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या तांबळवणे नावाच्या लहानशा गावात, दगडी शाळेत उतरले होते. सकाळी सहाला हातोडा, होकायंत्र आणि नकाशा घेऊन निघायचं, ऊन डोक्यावर येईपर्यंत ओढ्यानाल्यांतून खडक पाहत हिंडायचं आणि दुपारी सावलीत बसून पाहिलेलं सगळं नकाशावर चढवायचं, असा दिवस असे. त्यात हा डागांचा अभ्यास सरांनीच वाढवून दिला होता. कोणी डाग पुसायचा नाही, रोज मोजायचा.

पूर्वी लोणा म्हणजे ओल्या भिंतीतून फुटणारं मीठ. हा लोणा निराळा होता. पहिल्याच दिवशी सरांनी त्यावर आम्लाचा थेंब टाकून दाखवला होता. थेंब पडताच डाग सोड्यासारखा फसफसला.

"चुनखडी," सर म्हणाले होते. "चुना, आणि तुमचा श्वास."

गावामागच्या पठारावर सहा वर्षांपूर्वी मुरवण केंद्र उभं राहिलं होतं. दूरच्या, कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांच्या धुराड्यांतला कार्बन वायू नळाने तिथे येई आणि पाण्यात मिसळून अर्धा किलोमीटर खोल कातळात सोडला जाई. काळा कातळ असा वायू हळूहळू खातो आणि त्याची चुनखडी करतो. पण निसर्गाला घाई नसते आणि माणसांकडे वेळ उरलेला नव्हता. म्हणून शास्त्रज्ञांनी हे काम झपाट्याने करणारे कातळजीवाणू घडवले आणि पाण्याबरोबर तेही खाली सोडले. तिथून ते भूजलाबरोबर वर चढले आणि खोऱ्यातल्या ओल धरणाऱ्या प्रत्येक काळ्या दगडात जाऊन बसले. त्यांचा माणसाला उपद्रव नव्हता. जिथे कार्बन वायू मिळेल तिथे त्याचा पांढरा दगड करायचा, एवढंच त्यांना ठाऊक होतं. झोपलेल्या माणसाच्या तोंडून तर तो रात्रभर एकाच जागी मिळत राहतो.

नसरीनने नमुना घ्यायला चाकूचं टोक डागाला लावलं, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"खरवडू नगं गं, पोरी."

शिबिराचा स्वयंपाक करणाऱ्या उज्ज्वलामावशी भाकऱ्यांची टोपली कडेवर घेऊन उभ्या होत्या. पन्नाशीच्या, सडसडीत अंगाच्या, एरवी हसऱ्या. आत्ता त्या हसत नव्हत्या.

"श्वास हाय त्यो माणसाचा. असा खरवडत न्हाईत."

"मावशी, अभ्यासाला लागतो थोडा," नसरीन ओशाळून म्हणाली.

मावशींनी टोपली खाली ठेवली. मग शर्वरीकडे पाहून, कोणाला सांगावं की नाही अशा सुरात म्हणाल्या, "आमच्या मालकांचा हाय आमच्या घरी. होळीच्या तिसऱ्या दिवशी गेले त्ये. निजले त्ये उठलेच न्हाईत. डाक्टर म्हणले, हृदय बंद पडलं."

"डाग तुम्ही तसाच ठेवलाय?"

"ठेवलाय कसला बाय, वाढतोय त्यो. माणूस जाऊन दोन महिने झाले, अन् त्यांचा श्वास अजून वाढतोय."

त्या दिवशी रविवार होता, नकाशाचं काम नव्हतं. दहाच्या सुमाराला शर्वरी मावशींबरोबर त्यांच्या घरी गेली. घर गावाच्या वरच्या टोकाला, डोंगराला टेकून होतं. ओसरीवर मावशींची लेक काजल पाय पसरून लसूण सोलत बसली होती. सातवा महिना होता, बाळंतपणाला माहेरी आली होती. शर्वरीला बघून ती हसली. "आईनं तुम्हालाबी आणलं का दर्शनाला?"

मागची खोली चार पायऱ्या उतरून होती. पूर्वी तिथे धान्य ठेवत. तीन भिंती रचलेल्या होत्या आणि चौथी म्हणजे डोंगराचाच उभा, भेगाळलेला खडक. आत छान गारवा होता. उन्हाळ्यात मावशींचे मालक, निवृत्ती, दुपारीही इथेच पडत आणि रात्रीही. जमिनीपासून वीतभर उंचीवर, खडकाच्या भिंतीवर, त्यांचा डाग होता. चांगला परातीएवढा. खाली मोगऱ्याची दोन ताजी फुलं ठेवली होती.

शर्वरीने गुडघे टेकून भिंग लावलं. मधली वलयं तिच्या ओळखीची होती, शाळेतल्या डागांसारखी रुंद, एकेका रात्रीची. तळहाताएवढ्या भागानंतर मात्र ती एकदम बदलत होती. बाहेरची वलयं केसासारखी बारीक होती आणि एकमेकांना खेटून बसली होती. तिने सुईच्या टोकाने एकेक मोजलं. मान अवघडली तेव्हा आकडा आला एकशे चोवीस.

"मावशी, काकांना जाऊन नेमके किती दिवस झाले?"

"आज बासष्ट."

शर्वरीने पुन्हा मोजलं. एकशे चोवीसच. मेलेला माणूस रोज दोन वलयं काढत होता. जिवंतपणी एक, आणि आता दोन.

"मी यातलं चिमूटभर घेऊ का? मधलं थोडं आणि कडेचं थोडं."

मावशींनी डागाखालची फुलं बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "एवढुसंच घे. अन् हळू घे."

शाळेत परतल्यावर तिने दोन्ही नमुने कार्बनघड्याळात घातले. डब्याएवढं ते यंत्र दगडातल्या कार्बनचं वय सांगत असे. आपण जे खातो त्यात थोडा किरणोत्सारी कार्बन असतो, म्हणून आपल्या श्वासातही तो असतो. कोळशातला मात्र कोट्यवधी वर्षांत झिजून संपलेला असतो. एकाला विद्यार्थी 'ताजा' म्हणत आणि दुसऱ्याला 'मेलेला'. नुसत्या शब्दांचा खेळ होता तो, पण साडेतीनला यंत्राने निकाल दिला तेव्हा शर्वरीला तो शब्द उच्चारवेना. डागाचा मध्य ताजा होता. कड मेलेली होती.

तिने वही सरांसमोर ठेवली. कुरणे सर साठीला आलेले, यंत्रांपेक्षा हातोड्यावर विश्वास असलेले गृहस्थ. त्यांनी आकडे पाहिले आणि विद्यार्थ्यांनी आठवडाभर रंगवलेला नकाशा उलगडला.

"ही तुम्ही सोमवारी काढलेली रेघ," ते म्हणाले. ती एका भिंतखडकाची रेघ होती. फार पूर्वी कातळाला उभी चीर पडून त्यात लाव्हा घुसला आणि थिजला, त्याची ही जमिनीत उभी राहिलेली भिंत. दोन्ही कडांनी ती भेगाळलेली असते. सरांचं बोट पठारावरच्या मुरवण केंद्रापासून निघालं आणि रेघेवरून सरकत गावाच्या वरच्या टोकाला येऊन थांबलं. "आणि घर इथे. खोलीची चौथी भिंत म्हणजे हाच खडक."

"पण सर, वायू खाली दगड होऊन बसतो ना?"

"बसतो. फार लवकर बसतो, हीच पंचाईत झाली असणार. सहा वर्षांत खालच्या सगळ्या पोकळ्या चुनखडीने बुजल्या. वरून पंप चालूच. मग वायू जाणार कुठे? भेग मिळेल तिकडे."

"आणि दोन वलयं?"

सरांनी खिशातलं दाबमापक काढलं. "हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. चढला की हवा जमिनीच्या भेगांत शिरते, उतरला की भेगांतला वायू बाहेर येतो. जमीन श्वास घेते म्हण ना. दाब सगळ्यात कमी असतो पहाटे चारला आणि दुपारी..." ते थांबले. भिंतीवरच्या घड्याळात चारला वीस मिनिटं होती. "हा वायू हवेपेक्षा जड असतो. खोलगट जागी पाण्यासारखा साचतो. त्या खोलीत आत्ता कोणी नाही ना?"

शर्वरी पडवीत धावली. मावशी चुलीवर चहाचं आधण ठेवत होत्या.

"मावशी, काजल कुठाय?"

"निजलीय की खालच्या खोलीत. बिचारीला उकाडा सोसवंना. दार लावून आलेय मी, झळ नगं लागायला."

त्यानंतरचं सगळं शर्वरीला पुढे तुकड्यातुकड्यांनी आठवत राहिलं. तापलेली वाट. मागून येणारा सरांचा ओरडा, "वाकू नका! आत श्वास घेऊ नका!" नसरीनने खांद्याने ढकललेलं दार. खोली सकाळसारखीच होती, स्वच्छ, शांत, गार. कुठे धूर नव्हता की वास नव्हता, फक्त नाकात सोड्याची बाटली उघडल्यावर झोंबतं तसं काहीतरी झोंबलं. शेवटच्या पायरीवर मांजर अंगाचं मुटकुळं करून पडलं होतं. ते झोपलेलं नव्हतं. पलीकडे चटईवर काजल कुशीवर वळलेली, गालाखाली हात, ओठ निळे.

दोघींनी छाती फुटेस्तोवर श्वास रोखून तिला काखेत धरून ओढलं. दुसऱ्या पायरीवर नसरीनचा तोल गेला, तशी सरांनी वरून तिची वेणीच धरून तिला ओढून घेतलं. ओसरीवर आल्यावर काजलची छाती हलेना. सरांनी तिच्या तोंडात फुंकर घातली, एकदा, दोनदा, कितीदा तरी. मग ती खोकली, ओकली आणि डोळे उघडून, आईला नव्हे, शर्वरीलाच म्हणाली, "हलतंय. पोटात हलतंय."

मावशींनी काजलचं डोकं मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्याच्या आवारात, कडुनिंबाखालच्या बाकावर शर्वरी मावशींच्या शेजारी बसली होती. आत काजल बरी होती, बाळाचे ठोके नीट होते. काय झालं ते शर्वरीने होता होईल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं.

"म्हंजे त्ये येत न्हवते," मावशी म्हणाल्या.

"नाही, मावशी."

"अन् हृदयबी न्हवतं बंद पडलं."

"नाही."

"ज्यानं माझ्या माणसाला नेलं, त्यालाच मी रोज फुलं वाहत होते व्हय गं?"

शर्वरीने आपला तळहात पसरून पुढे केला. "मधला एवढा भाग त्यांचाच आहे, मावशी. तो मी तपासलाय. तो खरा आहे."

मावशींनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग त्यावर आपला हात क्षणभर ठेवला आणि उठून आत गेल्या.

केंद्रावरचे पंप त्या दिवशी थांबले. तिथला अधिकारी तरुण होता. शिमग्याच्या आधीपासून खालचा दाब वाढलेला दिसत होता, पण मापकच बिघडलं असेल असं वाटलं, असं त्याने खाली मान घालून कबूल केलं. पंप थांबले तरी कातळात कोंडलेला वायू निवळायला वेळ लागणार होता. महिने लागतील, कदाचित वर्षंही. तोवर कुठली घरं धोक्याची हे ओळखायला हवं होतं आणि ती खूण आता शिबिरातल्या सगळ्यांना ठाऊक होती. सरांनी नकाशाचं काम बाजूला ठेवलं. दोघादोघांच्या जोड्या भिंग आणि वायुमापक घेऊन घरोघर फिरू लागल्या. वायुमापक कमरेला बांधायचं, दार उघडं ठेवायचं, यंत्र ओरडलं की बाहेर पडायचं, अशी सक्त ताकीद होती.

भिंतखडकाच्या रेघेवरच्या पाच घरांत दिवसाला दोन वलयांचे डाग निघाले. चार घरांतली माणसं भांडीकुंडी घेऊन शाळेत राहायला आली. पाचवं घर यशवंततात्यांचं. ऐंशीला टेकलेले तात्या एकटेच राहत. त्यांची बायको हौसाबाई चैत्रात गेली होती. गुडघे दुखत, चढवत नसे म्हणून ती खाली निजे आणि तात्या उंच लाकडी पलंगावर. तेवढ्या उंचीनेच त्यांना वाचवलं होतं. पण ते घर सोडायला तयार नव्हते. नसरीन दोनदा जाऊन हात हलवत आली होती.

"त्ये म्हणतात, हौसाला एकटीला टाकून येणार न्हाई," मावशींनी सांगितलं. "तू जा, बाय. तुझं ऐकतील."

गुरुवारी दुपारी शर्वरी गेली. नसरीन दारातच थांबली. शर्वरीच्या मनगटावर दाबमापक होतं, त्याचा काटा सावकाश उतरत होता. तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

"ये," तात्या पलंगावरून म्हणाले. "तू निवृत्तीच्या पोरीला काढलंस ती ना? बस."

"तात्या, बसायला वेळ नाही. आत्ता चला माझ्याबरोबर, उद्या हवं तर सामान आणू."

"ती रोज येती," तात्या शांतपणे म्हणाले. "पहाटं चारला अन् दुपारी चारला. हौसाच्या चहाच्या येळा ह्या. जन्मभर चुकल्या न्हाईत, आताबी चुकत न्हाईत."

शर्वरीने त्यांना हवेच्या दाबाबद्दल सांगितलं. भेगांबद्दल, वायूबद्दल, पठारावरच्या पंपांबद्दल सांगितलं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, समजूतदार माणसासारखी मान डोलावली.

"आसंल. तू शिकलेली हायेस, खोटं कशाला सांगशील? फकस्त एकदा हात लाव तिथं, हौसाच्या डागाला. मग तू म्हणशील तसं."

कमरेचं यंत्र अजून गप्प होतं. शर्वरीने दाराकडे पाहिलं, नसरीनने मान हलवून 'लवकर' असं खुणावलं. ती वाकली आणि तिने तळहात डागावर टेकवला.

बारीक गार फुंकर हाताला लागली. अपेक्षा होती तशीच. उतरत्या दाबाला भेगेतून वायू बाहेर येणारच. ती हात काढून घेणार, तोच फुंकर थांबली. मग हाताच्या कातडीला हलकी ओढ लागली, दगडाने हवा आत घ्यावी तशी. पुन्हा थांबली. पुन्हा फुंकर आली. पुन्हा ओढ.

तिने मनगटाकडे पाहिलं. काटा उतरतच होता. दाब उतरत असताना जमीन फक्त सोडते, घेत नाही. चारपर्यंत तरी घेता कामा नये. तिने मनातल्या मनात सेकंद मोजले. फुंकर, तीन. ओढ, दोन. फुंकर, तीन. गाढ झोपलेल्या माणसाची लय होती ती. सहा वर्षं खोल अंधारात वायू खात वाढलेल्या त्या कोट्यवधी जीवांबद्दल आपल्याला नेमकं काय ठाऊक आहे, असा प्रश्न तिच्या मनात पहिल्यांदाच आला. माहितीपत्रकात चार ओळी होत्या. त्या तिने पाठ केल्या होत्या.

कमरेचं यंत्र ओरडू लागलं. नसरीनने दारातून हाक मारली.

"चला, तात्या," शर्वरी झटकन हात काढून म्हणाली. "उठा, आधी बाहेर चला."

तात्यांनी काठी घेतली, पाय खाली सोडले. ते खरंच उठले होते. पण उंबऱ्यापाशी ते थांबले आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. तिच्या हाताला काय लागलं हे त्यांना ठाऊक होतं.

"येतो मी," ते म्हणाले. "हौसा न्हवं म्हणतीस, तर आसूदे, न्हवं. पर मग एवढं सांग बाय, ह्ये श्वास घेतंय त्ये कोण हाय?"